नीमाची आत्या

दुबईतल्या अल मनखूलच्या त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या दोन बायका नणंद-भावजय आहेत, हे खालच्या वॉचमनपासून सहाव्या मजल्यावरच्या बेव्हर्ली लोपीसपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. कागदोपत्री ते खरंही होतं. ब्रिजिट तुस्कानो मूळची वसईची, दातांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरीला. तिचा नवरा यहया केनियातल्या मोंबासाचा. अबू धाबीजवळच्या मुसफ्फात ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो फोरमन होता, तिथंच कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचा आणि एक रविवार सोडून एक रविवार दुबईला यायचा. मरियम ही यहयाची थोरली बहीण. नवरा बाहेरगावी, म्हणून नणंद भावजयीच्या सोबतीला राहिलेली. सात वर्षांच्या नीमाकडे बघायला घरात आणखी एक बाईमाणूस. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं.

नावं ठेवली जात ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. वसईच्या चांगल्या घरच्या मुलीनं आफ्रिकन माणूस केला, त्यातून तो मुसलमान, त्यातून मेकॅनिक. ब्रिजिटच्या आईनं मरेपर्यंत तिचा फोन घेतला नाही. भाऊ सेबॅस्टियन वर्षातून एकदा, ख्रिसमसला, दोन ओळींचा मेसेज पाठवायचा. नीमाचा फोटो बघून त्यानं एकदाच लिहिलं होतं, 'केस कापून टाक, बरी दिसेल.'

खरी गोष्ट निराळी होती, आणि ती फक्त तिघांना ठाऊक होती.

ब्रिजिट आणि मरियम पंधरा वर्षांपूर्वी एका हॉटेलात कामाला होत्या. ब्रिजिट फ्रंट ऑफिसला, मरियम लाँड्रीत. कंपनीच्या स्टाफ बिल्डिंगमध्ये चौघींच्या खोलीत दोघींचे पलंग एकावर एक आले. पहिलं वर्ष नुसत्या मैत्रीत गेलं. मग ती मैत्री राहिली नाही, आणि दोघींनाही त्याचं नाव उच्चारायची कधी गरज पडली नाही. उच्चारून चालणारही नव्हतं. या देशात त्यासाठी तुरुंग होता, आणि तुरुंगानंतर कायमची पाठवणी. बाहेर दोघी शेजारी शेजारी चालत, पण हात कधी लागू देत नसत. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की बंद दाराआडसुद्धा लिफ्टचा आवाज आला की ब्रिजिट आपोआप दोन पावलं बाजूला व्हायची.

मूल दोघींना हवं होतं. यहयाला मरियमनं लहानाचं मोठं केलं होतं, तिनंच त्याला आखातात आणलं होतं. तिनं मागितलं आणि तो नाही म्हणाला नाही. कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मोंबासाला काझीच्या ऑफिसात पंधरा मिनिटांत लग्न लागलं. नीमाचा गर्भ राहिला तो तिथल्याच एका डॉक्टरणीच्या दवाखान्यात, दुसऱ्या खेपेला. यहया आणि ब्रिजिट एका खोलीत कधीच राहिले नाहीत. रविवारी तो यायचा, जेवायचा, नीमाला घेऊन खाली झोपाळ्यावर जायचा आणि सोफ्यावर आडवा व्हायचा. त्याचे अकरा नंबरचे जुने बूट मरियमनं दाराबाहेर कायमचे ठेवले होते. "घरात पुरुष आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे," ती म्हणायची.

नीमा सावळी, कुरळ्या दाट केसांची, रुंद कपाळाची झाली. ती हुबेहूब मरियमसारखी दिसायची. "आत्याच्या वळणावर गेलीय गं अगदी!" बायका लिफ्टमध्ये म्हणायच्या, काही कौतुकानं, काही कीव करून. कशानंही म्हणोत, त्या दिवशी मरियम घरात गाणं म्हणत भांडी घासायची. मॉलमध्ये लोक मरियमलाच आई समजायचे आणि ब्रिजिटला कुणी ओळखीची बाई. ब्रिजिटला त्याचं वाईट वाटायचं नाही. पोरीवर दोघींचा हक्क आहे, हे लोकांच्या चुकीतून का होईना, कुणीतरी मोठ्यानं बोलतंय, असं तिला वाटायचं.

घरात नीमा ब्रिजिटला मम्मी म्हणायची आणि मरियमला मामा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. सुरुवातीला ब्रिजिटला हसू आवरायचं नाही. "अगं, आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ!" मरियम म्हणायची, "मग तर फारच सोयीचं." पण दाराबाहेर मामा म्हणायचं नाही, आत्या म्हणायचं, हे नीमाला तिसऱ्या वर्षापासून खेळासारखं शिकवलं होतं. उंबऱ्याच्या आत एक नाव, बाहेर दुसरं. पोरगी हुशार. ती एकदाही चुकली नाही. मरियमही कधीकधी घरातच ब्रिजिटला खोड काढायला "वहिनी" म्हणून हाक मारायची, वसईच्या बायकांसारखा हेल काढून.

मोडलं ते डिसेंबरात.

वसईकरांचा एक ग्रुप होता, पन्नास-साठ कुटुंबांचा. ख्रिसमसच्या कार्यक्रमाची सूत्रं दरवर्षी बेव्हर्लीच्या हातात असायची. ती इमारतीच्याच पार्टी हॉलमध्ये शनिवारी सकाळी मुलांची तालीम घ्यायची. ब्रिजिट या लोकांपासून लांबच असायची, पण नीमाला वर्गातल्या टेसानं सांगितलं, टेसा म्हणजे बेव्हर्लीची मुलगी, आणि नीमा हट्टाला पेटली. तिला देवदूत व्हायचं होतं. पांढरा झगा आणि कापसाचे पंख.

पहिल्या तालमीला ब्रिजिट स्वतः घेऊन गेली. बेव्हर्लीनं यादी वाचली. देवदूत चार होते, सगळ्या गोऱ्या मुली. नीमाचं नाव तीन राजांमध्ये आलं.

"आफ्रिकेतला राजा," बेव्हर्ली मोकळेपणानं म्हणाली. "बघ ना, दरवर्षी कुणाच्या तरी तोंडाला काळा रंग फासावा लागतो, तो जाता जात नाही. यंदा मेकअपची कटकटच नाही. आणि ड्रेसचे पन्नास दिरहम दे हां, साडेअकराशे रुपयांत एवढा जरीचा झगा तिकडेपण मिळायचा नाही."

हॉलमधल्या बायका हसल्या. मुलंही हसली. नीमानं आईकडे बघितलं. ब्रिजिटही हसली. ते हसू तिच्या तोंडावर कसं आलं ते तिला कळलं नाही, पण आलं, आणि नीमानं ते पाहिलं.

घरी येऊन नीमानं मरियमला सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "अँड मम्मी लाफ्ड."

मरियमनं नीमाला टीव्ही लावून दिला, बेडरूमचं दार ओढलं आणि मग म्हणाली, "तू हसलीस?"

"काय करायचं होतं? भांडायचं होतं? आपल्याला भांडण परवडतं का मरियम?"

"तुझ्या माणसांत तू तिला नेलंस. तुझी माणसं तिच्या तोंडावर हसली, आणि तू त्यांच्यात मिसळलीस."

"त्यांनी आपल्याकडे फार बघू नये, एवढंच मी बघते. पंधरा वर्षं तेच बघतेय."

"ती सात वर्षांची आहे," मरियम म्हणाली. "तिला आपण अजून किती गिळायला लावणार?"

पुढच्या शनिवारी ब्रिजिटची ड्यूटी होती. नीमाला तालमीला मरियम घेऊन गेली. तिथं काय झालं ते ब्रिजिटला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. मरियमनं सगळ्यांदेखत बेव्हर्लीला विचारलं, "आप बच्ची को ऐसा क्यूं बोला? उसको एंजल बनना था, तो क्यूं नहीं?" बेव्हर्ली म्हणाली, बच्ची की मम्मी को तो कोई प्रॉब्लेम नहीं था. मरियमचा आवाज चढला. बेव्हर्लीचाही चढला. शेवटी बेव्हर्ली म्हणाली, "आप होती कौन हो? मां से बात करूंगी मैं."

"मैं भी उसकी..." मरियम म्हणाली आणि थांबली.

तेवढंच. वाक्य तिनं "बुआ हूं" असं पुरं केलं, पण मधे जी फट पडली ती मोठी होती. हॉलमध्ये पंधरा बायका होत्या. मरियमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि भावाच्या मुलीसाठी एवढं पाणी येत नाही, हे त्यांतल्या निदान एकीला तरी कळलं.

बेव्हर्लीनं मग आवाज खाली आणला. मरियम बाहेर कॉरिडॉरमध्ये तोंडावर पाणी मारायला गेली तेव्हा तिनं नीमाला जवळ घेतलं, केकचा तुकडा दिला आणि मायेनं विचारलं, डॅडी येतो तेव्हा कुठे झोपतो गं?

"ऑन द सोफा," नीमा म्हणाली.

"आणि आत्या?"

"विथ मम्मी. आय हॅव द स्मॉल बेड."

काय बोलायचं नाही ते सगळं त्यांनी नीमाला शिकवलं होतं. कोण कुठे झोपतं, हे शिकवायचं राहून गेलं होतं.

सोमवारपर्यंत ब्रिजिट वसईकरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून गेली होती. कुणी काढलं ते दिसलं, का ते कुणी लिहिलं नाही. मंगळवारी लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. ती आत शिरली आणि त्या पुढच्याच मजल्यावर उतरल्या, जिथं त्यांचं कुणीच राहत नव्हतं. बुधवारी सकाळी शाळेच्या बसमध्ये नीमा एकटीच बसली. टेसा बसायची ती तिच्या शेजारची जागा रिकामी होती, ते ब्रिजिटला खालूनच दिसलं.

शाळा सुटल्यावर नीमा दोन तास पहिल्या मजल्यावर रशीदाभाभींकडे असायची. रशीदाभाभी रत्नागिरीच्या, नवरा बर दुबईत कापडाच्या दुकानात नोकरीला, स्वतःची उझमा नीमाच्याच वयाची. बाई मनानं मोकळी. नीमाच्या केसांना कधी कुणी नाक मुरडलं तर तिनंच त्याला सुनावलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ब्रिजिट नीमाला न्यायला गेली, तेव्हा रशीदाभाभींनी दार पुरतं उघडलं नाही. बाहेर येऊन मागून ओढून घेतलं.

"भाभी, वाईट वाटून घेऊ नका," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "उद्यापासून नीमाची दुसरी काहीतरी सोय बघा. ह्यांचा फोन आला दुकानातून."

"काय म्हणाले?"

"मी तुम्हाला काही विचारत नाही. मला जाणूनच घ्यायचं नाही. अल्ला जाणे आणि तुम्ही जाणा. पण आमचा व्हिसा ह्यांच्या नावावर, ह्यांचा सेठच्या. कुणी म्हणालं की त्या घराशी यांचं येणंजाणं आहे, तर?" त्यांनी ब्रिजिटचा दंड धरला, घट्ट. "बाई, तुम्ही सांभाळून राहा. लोक नुसतं बोलून थांबत नाहीत इथं."

आतून उझमा आणि नीमाच्या खिदळण्याचा आवाज येत होता. ब्रिजिटनं नीमाला हाक मारली.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी दुपारी, यहया आला. वाराचा नव्हे, मधेच, वर्कशॉपच्या निळ्या कपड्यांवर, नखांत ग्रीस. ब्रिजिटनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तो नेहमी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. नीमाला त्यानं उचलून घेतलं, तिच्या डोक्यावर गाल टेकला, आणि तिला बाल्कनीत खेळायला पाठवून काचेचं दार सरकवलं.

"मला फोन आला होता," तो म्हणाला. "त्या बाईचा. तिच्या नवऱ्याची, विन्स्टनची, गाडी मी दोनदा बघितलीय, त्याच्याकडून नंबर घेतला तिनं. म्हणाली, भाईसाब, मुलीच्या भल्यासाठी सांगतेय, तुमच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसेल."

"तू काय म्हणालास?" मरियमनं विचारलं.

"फोन ठेवला. दोन दिवसांनी आणखी कुणाचा तरी आला, नाव न सांगता. आणि काल वर्कशॉपमध्ये एकानं जेवताना विचारलं, तुझी बायको आणि तुझी बहीण, दोघींत तुझी कोणती? सगळे हसले. मी त्याला मारला असता. मारला असता तर पोलीस आले असते. पोलीस आले असते तर त्यांनी विचारलं असतं, का मारलास."

 बाल्कनीत नीमा कपड्यांचे चिमटे रांगेत लावत होती.

"मरियम, मी तुमच्याकडे कधी बोट दाखवलं? सांग. तू माझी आई आहेस. आपली आई नुसती जन्म देऊन राहिली, वाढवलंस तू. तू जे मागितलंस ते मी दिलं. पण आता उद्या एखाद्यानं तक्रार केली तर? नुसता एक फोन. तुम्ही दोघी आत. मला विचारतील, तुला माहीत होतं की नाही. हो म्हणालो तर मी आत. ती कुठे जाईल?" त्यानं काचेकडे मान वळवली.

"तू काय ठरवून आलायस, ते सांग," मरियम म्हणाली.

"तिला मोंबासाला आईकडे ठेवतो. तिथं शाळा आहे, माणसं आहेत. किंवा मग तुमच्यापैकी एक इथून जाते, आणि सगळं गप्प होतं."

ब्रिजिट म्हणाली, "मी तिला वसईला घेऊन जाते. आम्ही दोघी, तिला घेऊन. भारतात यासाठी तुरुंगात टाकत नाहीत आता."

"मरियमला तिथं कोण ठेवून घेईल? कोणत्या व्हिसावर?" यहया म्हणाला. मग मवाळपणे, "आणि नीमासाठी माझी सही लागेल. मी देणार नाही, ब्रिजिट. तुझ्या भावानं तिचे केस कापायला सांगितले होते. तूच रडत सांगितलंस मला. तिथं तिला काय म्हणतील, हे मला तुझ्याचकडून माहीत आहे."

तरीही शनिवारी सकाळी ब्रिजिटनं सेबॅस्टियनला फोन लावला. लग्नानंतर पहिल्यांदा. मागे कोंबड्यांचा आणि पंपाचा आवाज येत होता. तिनं विचारलं, मी परत आले तर?

"नवऱ्यानं टाकलं का?"

"नाही. मीच येईन म्हणते. मुलीला घेऊन."

 "तू ये," सेबॅस्टियन म्हणाला. "तू आमचीच आहेस. पण पोरीचं बघ काहीतरी. होस्टेलमध्ये वगैरे. माझ्या कार्लचं लग्न जमवायचंय यंदा. घरात असं पोर दिसलं तर माणसं विचारणार ना, हे कुठून आलं. तू समजून घे."

तिनं समजून घेतलं आणि फोन ठेवला.

मरियमनं ठरवायला दोन दिवस घेतले. त्या दोन दिवसांत ती नेहमीसारखी हॉटेलच्या लाँड्रीत कामावर गेली, आली, स्वयंपाक केला. सोमवारी संध्याकाळी चपात्यांची कणीक मळता मळता म्हणाली, "मी नोटीस दिली आज. तीस दिवस. जानेवारीत जाईन."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मी गेले नसते." ती मळतच राहिली. "तू गेलीस तर सगळे विचारतील, आई कुठे गेली. मी गेले तर कुणी काही विचारणार नाही. भावाच्या घरी आलेली बाई परत गेली, एवढंच."

"मरियम, बघ माझ्याकडे."

"आत्ता नको," मरियम म्हणाली. "आत्ता बघितलं तर माझ्यानं होणार नाही."

त्या ख्रिसमसला तिघी घरातच होत्या. मरियमनं नारळाच्या दुधातला भात केला, ब्रिजिटनं कोंबडीचं इंदियाल, वसईकडचं झणझणीत कालवण, केलं. दुपारी खालच्या पार्टी हॉलमधून माईकवर गाण्याचे आवाज येऊ लागले, तेव्हा नीमा उठून बाल्कनीचं दार लावून आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नीमाला काय सांगायचं यावरून दोघींचं भांडण झालं, तेही कुजबुजत. ब्रिजिटचं म्हणणं, खरं सांगू. मरियम म्हणाली, "खरं सांगितलं तर तिला ते सांभाळावं लागेल. शाळेत, बसमध्ये, सगळीकडे. एवढं ओझं नको तिच्यावर." शेवटी सांगितलं ते असं, की मोंबासाची आजी आजारी आहे आणि तिच्याकडे बघायला मामाला जावं लागतंय. आजी ठणठणीत होती.

"हाऊ मेनी डेज?" नीमानं विचारलं.

"पुष्कळ," मरियम म्हणाली.

"पण तुझं काम तर मला सांभाळणं आहे," नीमा इंग्रजीत म्हणाली. "आजीला दुसरं कुणी नाही का?"

 नीमानं दोन दिवस मरियमशी बोलणं टाकलं, आणि जायच्या दिवशी ती शाळेच्या बसमध्ये चढली तेव्हा मागे वळून बघितलं नाही. मरियमला वाटलं होतं, शेवटच्या क्षणी वळेल. ती बस सिग्नलवरून दिसेनाशी झाल्यावरही फुटपाथवर उभी होती. वॉचमननं विचारलं, "मॅडम, टॅक्सी?" विमानतळावर ब्रिजिट आत जाऊ शकली नाही. टॅक्सीतून उतरताना दोघींनी हात मिळवले, नणंद-भावजयीनं मिळवावेत तसे. ड्रायव्हर बघत होता.

मरियम गेली त्याच्या चौथ्या दिवशी बेव्हर्ली दाराशी आली. हातात घरी केलेला केक, वर फॉइल.

"नणंद गेली म्हणे तुझी? बरं झालं," ती म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, तिच्या आईला बरं नाही ना, म्हणून म्हटलं. म्हातारपणी लेकच लागते जवळ. ब्रिजिट, झालं गेलं विसर. आम्हालापण तुझी काळजीच होती. टेसाचा बर्थडे आहे पुढच्या महिन्यात, नीमाला पाठव हां नक्की."

ब्रिजिटनं केक घेतला आणि "थँक यू" म्हणाली. दार लावल्यावर तो केक तिनं सिंकमध्ये ठेवून त्यावर नळ सोडला. पण थँक यू म्हणाली होती, आणि ते परत घेता येत नव्हतं.

मग सगळं सुरळीत झालं. हाच शब्द ब्रिजिटला सुचायचा, आणि तो तिला खपायचा नाही. ग्रुपमध्ये तिला पुन्हा घेतलं. बसमध्ये टेसा नीमाशेजारी बसू लागली. रशीदाभाभींनी निरोप पाठवला, नीमाला पाठवत जा, उझमा विचारते. यहयाही आता दर रविवारी यायचा, निदान दोन तास तरी, आणि जाताना बूट घालता घालता विचारायचा, "आता कुणी काही बोलत नाही ना?" टेसाच्या बर्थडेला नीमा गेली. परत आल्यावर बाथरूममध्ये तिनं दुधानं गाल चोळले. कुणीतरी तिथं सांगितलं होतं, दुधानं उजळ होतं.

मरियम बोटिम या अॅपवरून रोज कॉल करायची. पहिल्या महिन्यात नीमा फोन धरायची आणि गप्प बसायची. दुसऱ्या महिन्यात होमवर्क आहे म्हणायची. मरियमला मोंबासाच्या एका बीच हॉटेलच्या लाँड्रीत काम मिळालं. पगार निम्म्याहून कमी. घरी आई रोज विचारायची, दुबईची चांगली नोकरी सोडून का आलीस, आणि स्थळं बघायची. बेचाळिसाव्या वर्षी. मरियम हे हसत हसत सांगायची, पण फोन कॅमेऱ्यासमोर धरायची तो मुद्दाम असा, की निम्माच चेहरा दिसावा.

जुलैत शाळेला सुट्टी लागली तेव्हा यहयानं स्वतः तिकिटं काढली. आजीला भेटून या, म्हणाला. आजीच्या घरी माणसांची रीघ होती. काका, काकू, त्यांची पोरं. नीमा तिथं कुणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती अनवाणी गल्लीत धावू लागली. कुणी तिच्याकडे वळून बघत नव्हतं. ब्रिजिटनं तिला अशी सैल कधी पाहिली नव्हती. फक्त मरियम जवळ आली की ती काहीतरी काम काढून उठायची.

पाचव्या दिवशी दुपारी घरात तिघीच उरल्या. मरियमनं दाराला कडी लावली, नीमाला समोर बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"इथं कुणी नाही, बेबी," ती म्हणाली. "मी, मम्मी आणि तू. दार लावलंय. आता बोल. हवं तर ओरड माझ्यावर."

नीमानं हात सोडवून घेतले नाहीत. तिनं मरियमकडे नीट बघितलं, पाहुण्यांकडे बघतात तसं.

"आय अॅम नॉट अँग्री, आत्या," ती म्हणाली.

मरियमनं ब्रिजिटकडे बघितलं. ब्रिजिट म्हणाली, "नीमा, घरात काय म्हणतो आपण? विसरलीस?"

"काय?" नीमानं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती खरंच विसरली होती, की विसरायचं तिनं ठरवलं होतं, हे आईलाही ओळखता आलं नाही. तेवढ्यात गल्लीतून पोरांनी हाक मारली. नीमानं विचारलं, जाऊ? मरियमनं उठून कडी काढून दिली.

त्यानंतर दोघी तशाच बसून राहिल्या. कितीतरी महिन्यांनी दोघींना एकांत मिळाला होता, आणि दोघींनाही त्याचं काय करावं कळेना. मरियम म्हणाली, "तू तिला काही म्हणू नकोस. आपणच शिकवलं." मग तिनं तोंडात पदरासारखा आपल्या कांग्याचा, त्या छापील सुती कापडाचा, बोळा धरला आणि आवाज न करता रडली. भिंतीपलीकडे शेजारच्या बायका होत्या.

परत आल्यावर ब्रिजिटनं अल मनखूलची जागा सोडली. एकटीच्या पगारात ती परवडत नव्हती, आणि बेव्हर्ली केक घेऊन ज्या दाराशी उभी राहिली होती ते दार रोज उघडणं तिला झेपत नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी दोघी मायलेकी शारजात एका खोलीच्या फ्लॅटमध्ये गेल्या. दुबईला जाताना रोज दीड तास ट्रॅफिक.

सामान लावत असताना शेजारचं दार उघडलं. मराठी आवाज ऐकून एक बाई बाहेर आली होती, नागपूरची, नवरा बँकेत. कडेवर तनिष नावाचं मूल. तिनं ब्रिजिटकडे बघितलं, मग नीमाकडे, मग पुन्हा ब्रिजिटकडे. ते बघणं ब्रिजिटला पाठ होतं. तिनं उत्तराची जुळवाजुळव सुरू केली.

"अगं, किती छान," बाई नीमाला म्हणाली. "कोण कोण असता गं घरी?"

नीमा खोक्यातून पुस्तकं काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"जस्ट मी अँड मम्मी," ती म्हणाली. "डॅडी वर्क्स इन अबू धाबी."

"आणि आणखी कुणी?"

"नो," नीमा म्हणाली, आणि पुढचं पुस्तक काढलं.

बाई हसून ब्रिजिटला म्हणाली, काही लागलं तर सांगा हां, पाणी वगैरे. ब्रिजिट हो म्हणाली. मग ती आत जाऊन, जिथं एकच पलंग लागला होता त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बाहेरच्या बाईचं दार लागेपर्यंत.